वाढीची पट्टी

उद्यमबागेतली पारिसा आण्णांची फौंड्री पावणेदोन वर्षं थंड पडली होती. पण तिच्या माळ्यावरच्या लाकडांवर त्या पावणेदोन वर्षांत धुळीचं पुट म्हणून चढलं नाही. कारण भरमू मेस्त्री. गाड्यांचा धंदा आधीच बसलेला, त्यात रोगाची साथ आली, कामगार आपापल्या गावी पांगले आणि गेटला साखळी पडली. भरमूला कुणी ये म्हणालं नव्हतं, आणि येऊ नको असंही कुणी म्हणालं नव्हतं. मग तो येत राहिला. उचगावहून सायकल हाणत यायचा, वॉचमनकडून चावी घ्यायचा, माळ्यावर चढायचा आणि एकेक पॅटर्न फडक्यानं पुसून, उलटापालटा करून, सांध्यांना डिझेल चोपडून परत जागेवर ठेवायचा. दुपारी तिथंच भाकरी सोडायचा. पाचाच्या सुमाराला सायकलवर टांग.

"पॅटर्न पुसतोयास का पोरं न्हाऊ घालतोयास गा?" वॉचमन विचारायचा.

"पोरं बोंबलत्यात तरी," भरमू म्हणायचा. "ही मुकी."

घरात त्याला ओढणारं तसं काही उरलं नव्हतं. बायको कावीळ होऊन गेली त्याला दहा वर्षं झाली. पोरगी खानापूरला दिलेली. ती रविवारी फोन करायची, जेवलासा काय विचारायची. पण भरमूला एकटेपण घरात लागत नसे. ते लागायचं या माळ्यावर, सागवानी टेबलासमोर. त्या टेबलाच्या पल्याडच्या बाजूला सव्वीस वर्षं नागोजी बसला होता.

फौंड्रीत बिडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा, आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. हा पॅटर्न भरमू घडवी. करवत, रंधा, पटाशी, काय वाटेल ते द्या. हात असा, की लाकडानं स्वतःहून वळावं. पण शाळा चौथीपर्यंतची. ड्रॉइंग वाचायचा तो नागोजी. शहापूरच्या विणकराचा पोरगा, सुताच्या उभ्या-आडव्यात वाढलेला, त्याला कागदावरच्या रेघा कळायच्या. तो ड्रॉइंगवरून आकडे काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवायचा आणि मग मोठ्यानं पुकारायचा, "दोनशे चाळीस!" भरमू तोच आकडा परत म्हणायचा, पट्टी लावायचा, खूण करायचा आणि म्हणायचा, "घेतलं." ते 'घेतलं' ऐकल्याबिगर नागोजी पुढचा आकडा पुकारायचा नाही. सव्वीस वर्षांत एकदा नाही.

साथीच्या दुसऱ्या लाटेत नागोजी आठ दिवसांत गेला. भरमूला मातीलाही जाता आलं नाही.

आणि या नागोजीला भरमूनं मरेपर्यंत एका नावानं छळलं होतं. झालं होतं असं. सोळा सालच्या दसऱ्यानंतरचं पहिलंच सॅम्पल चार मिलीमीटर तोकडं आलं. पारिसा आण्णांनी दोघांनाही केबिनमध्ये उभं केलं. भरमू तोंड उघडणार तोवर नागोजी म्हणाला, "माझीच चूक हाय, आण्णा. आकडा वाचाय चुकलो." आण्णा लई बोलले. नागोजीनं खाली मान घालून ऐकलं. त्या दिवसापासून भरमूसाठी तो 'च्यारमिली' झाला. "काय गा च्यारमिली, चा घेणार?" "आज तरी नीट वाच रं, च्यारमिली." खालचे मोल्डिंगवाले हसायचे. नागोजीही हसायचा, चष्मा पुसायचा आणि पुढचा आकडा पुकारायचा.

यंदा माघ सरता सरता गेटची साखळी निघाली. आण्णा आता घरीच असत. कारभार मुलाच्या हातात, श्रेयांसच्या. आणि ज्या गाड्यांच्या कंपनीला फौंड्रीचा माल जायचा, तिनं एक माणूस पाठवला, बुद्धप्रिय. निपाणीचा. बाप तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा, पोरगा इंजिनिअर झाला. त्याचं काम म्हणजे कंपनीला माल देणारे छोटे कारखाने पुन्हा उठून उभे राहतात की नाही ते बघायचं, अडेल त्याला हात द्यायचा. आणि उठतच नसेल, तर त्याचं नाव यादीतून खोडायचं.

"गाड्या खपाय लागल्यात, मामा," माळ्यावर चढून आल्यावर तो भरमूला म्हणाला. "कंपनीला माल पायजे, आणि माल देणारीच निम्मी झोपल्यात."

"आमचं सगळं जिथल्या तिथं हाय, साहेब," भरमू म्हणाला, आणि छाती जरा पुढं काढून त्यानं रॅकांकडं हात केला.

सगळं होतं. एक सोडून. दिवाळीनंतर भरमूच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला, तेव्हा सव्वा महिना त्याला घरी बसावं लागलं. तेवढ्या सव्वा महिन्यात वाळवीनं भिंतीकडचं एक रॅक धरलं. आणि कंपनीला आता पहिल्यांदा हवं होतं ते नेमकं त्याच रॅकमधलं, टेम्पोच्या गिअरबॉक्सचं झाकण, चार कोपऱ्यांना चार कान असलेलं. भरमूनं पॅटर्न उचलला तर हातात भुसा आला.

चौदा दिवसांत सॅम्पल पास झालं पाहिजे होतं, नाहीतर हे झाकण आणि त्याच्यामागची सगळी ऑर्डर दुसरीकडं जाणार होती. कोल्हापुरात कॉम्प्युटरवर पॅटर्न कापून मिळतो, पण तिथं पाच आठवड्यांची रांग. सगळेच एकदम जागे झालेले.

"मेस्त्री, हुईल काय?" श्रेयांसनं विचारलं. "एकट्याकडनं?"

ते 'एकट्याकडनं' भरमूला कुसळासारखं टोचलं. "व्हय की," तो म्हणाला. बुद्धप्रियनं ड्रॉइंग छापून दिलं. भरमूनं ते घेऊन घडी केली आणि खिशात ठेवलं. आपल्याला ड्रॉइंग वाचता येत नाही हे सव्वीस वर्षांत त्याला कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. आता, साठी उलटल्यावर, पोराच्या वयाच्या साहेबाला काय सांगायचं? त्यापेक्षा नागोजीची वही होती की. या झाकणाचा पॅटर्न त्या दोघांनीच केलेला. आकडे तिच्यात असणारच.

तो शहापूरला गेला. बोळात शिरल्यावर मागांची खडखड कानात घुसली. नागोजीची बायको मालुबाई उंबऱ्याजवळ बसून सुताच्या कांड्या भरत होती. तिनं वर बघितलं, पण हात थांबवला नाही.

"आलासा व्हय," ती म्हणाली. "दहा म्हयनं झालं. वाट सापडली म्हणायची."

"वैनी, ती काळ्या पुठ्ठ्याची वही—"

"वहीसाठी आलाय. बरं झालं, वही तरी हुती."

ती आत गेली आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली वही घेऊन आली. "रद्दीवाला दोनदा मागून गेला. न्हाय दिली. बसा, चा टाकते."

बसायला नागोजीची खुर्ची होती. भरमू उभ्यानंच दोन घोट प्याला, कप अर्धा ठेवला आणि काम लई हाय म्हणून निघाला. बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत त्याला मागं बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं टेबल झाडलं, सागवान निवडलं आणि पट्ट्या काढल्या. पॅटर्न करणाऱ्याकडे दोन पट्ट्या असतात. एक साधी, सगळ्या जगाची. दुसरी वाढीची. बीड थंड होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करायला लागतो. वाढीच्या पट्टीवर जिथं चारशे लिहिलेलं असतं, तिथं खरं चारशे चार भरतं. ती लावली की मेस्त्रीला हिशेब करावा लागत नाही. दोन्ही पट्ट्या दिसायला सख्ख्या बहिणी. म्हणून वाढीच्या पट्टीच्या भोकात भरमू लाल दोरा बांधायचा. दसऱ्याच्या खंडेपूजेला सगळी हत्यारं धुवायची, जुना दोरा सोडायचा, हळदकुंकू लावून नवा बांधायचा. मग पुढच्या दसऱ्यापर्यंत त्या हत्याराला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. हा माळ्यावरचा नेम.

नव्या डोळ्यांनी त्यानं पट्टी उजेडात धरली आणि चपापला. दोरा साध्या पट्टीला! साध्या पट्टीचे आकडे ठसठशीत, खोल कोरलेले. वाढीची जुनी, तिच्या रेघा झिजून केसासारख्या झालेल्या. गेल्या दसऱ्याला बंद फौंड्रीत त्यानं एकट्यानंच पूजा केली होती, डोळ्यांपुढं दुधाचा पडदा घेऊन. तवाच गोंधळ झाला असंल, त्यानं मनाशी म्हटलं. दोरा सोडला आणि वाढीच्या पट्टीला बांधला. वेळेवर दिसलं म्हणून देवाला हात जोडले.

मग कामाला लागला. वही समोर उघडी. आता पुकारणार कोण?

"च्यारशे च्यार," भरमू मोठ्यानं म्हणाला. थांबला. "च्यारशे च्यार," परत म्हणाला, जरा हळू. पट्टी लावली. "घेतलं."

असे आठ दिवस चालले. दोन्ही आवाज त्याचेच. चहा घेऊन वर आलेला माणूस जिन्यावरूनच परत गेला आणि खाली जाऊन त्यानं सांगितलं, मेस्त्री कुणाशी तरी बोलाय लागलाय. "एकशे साडेएक्कावन्न." हे आकडे म्हणताना भरमूला आठवलं, या आकड्यांवरून त्यानं नागोजीशी किती तरी वेळा हुज्जत घातली होती. "पैली कशी गोल मापं यायची गा. आता ही साडेएक्कावन्न नि च्यारशे च्यार. कंपनीला याड लागलंय काय?" आणि नागोजी वहीतून मान वर न करता म्हणायचा, "नवीन इंजिनेर आल्यात बाबा. तू घे."

नवव्या दिवशी पॅटर्न वाळूत बसला. पारिसा आण्णांचा जुना दंडक होता, की सूर्य बुडायच्या आत रस संपला पाहिजे, कारण जैन मालकाला त्याआधी जेवायचं असतं. श्रेयांसनंही तो मोडला नव्हता. साडेचारला रस ओतला. पावणेदोन वर्षांनी त्या शेडमध्ये तांबडा उजेड पडला, आणि खालची माणसं उगाचच एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसली. भरमू जिन्यात उभा राहून बघत होता. पल्याड वळून कुणाला तरी डोळा मारावा असं त्याला वाटलं. पल्याड भिंत होती.

सकाळी झाकण साफ करून टेबलावर ठेवलं. बुद्धप्रियनं चार खुंट्यांची पोलादी फळी आणली. झाकणाच्या चार कानांतल्या भोकांत चारी खुंट्या उतरल्या की सॅम्पल पास. एका बाजूच्या दोन उतरल्या. दुसऱ्या बाजूच्या दोन भोकांच्या काठावर अडून बसल्या.

"च्यार मिलीमीटर," बुद्धप्रिय मोजून म्हणाला. "जास्त."

भरमूनं वाकून अडलेली खुंटी बोटानं चाचपली.

"वही बघू, मामा." बुद्धप्रियनं ड्रॉइंग उघडलं, वही शेजारी ठेवली, बोट फिरवलं. "ड्रॉइंगात च्यारशे हाय. वहीत च्यारशे च्यार. इथं दीडशे, वहीत साडेएक्कावन्न. सगळीच मापं चुकीची लिहिल्यात की. तेच्यावर तुम्ही वाढीची पट्टी लावली. म्हंजी वाढ दोनदा धरली गेली."

श्रेयांसनं सुस्कारा टाकला. सुटल्यासारखा. "मग सोपं हाय. नागोजीची चूक. तेची सवयच हुती, आण्णा सांगायचे. साहेब, रिपोर्टात तसं लिहा, जुन्या वहीत आकडे चुकीचे. मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय? तुमचंबी वाचलं, मेस्त्री."

बुद्धप्रियनं पेन काढलं.

भरमू वहीची पानं मागं मागं उलटत होता. चौदा साल: दोनशे, तीनशे, दीडशे, गोल मापं. पंधरा साल, गोल. सोळा सालचा दसरा; त्यानंतरच्या सॅम्पलचं पान, तेच चार मिली तोकडं आलेलं. त्यावरही चारशेच लिहिलेलं होतं, स्वच्छ अक्षरात. चारशेला चार तोकडं, म्हणजे बिडाची वाढ धरायचीच राहिली होती; नागोजी वाचायला चुकलाच नव्हता. आणि त्याच्या पुढच्या पानापासून एकही माप गोल नव्हतं.

दोरा गेल्या दसऱ्याला चुकला नव्हता. तो सोळा सालीच चुकला होता. डोळे तेव्हाच जाऊ लागले होते, आणि ज्या पट्टीचे आकडे दिसत होते तिलाच भरमूनं दोरा बांधला होता. त्याच वर्षी आण्णांनी लेथवरच्या आण्णाप्पाला, डोळ्यांना दिसत नाही म्हणून, हार घालून घरी बसवलं होतं. नागोजीनं सगळं बघितलं असणार. पट्टीला हात लावला नाही. दिसत होती ती पट्टी भरमूच्या हातात राहू दिली, आणि बिडाची वाढ रोज रात्री घरी बसून स्वतःच्या वहीत चढवली. आकड्या-आकड्याला शंभराला एक. तीन वर्षं.

"लिहू नगा, साहेब," भरमू म्हणाला.

"काय?"

"तेची चूक न्हाय. आता बी न्हाय, तवा बी नव्हती." त्यानं दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, एका बाजूची टोकं जुळवून. चारशेवर दोन्हींच्या रेघा चार मिलीनं फाटल्या. "सोळा सालापास्नं मी ही साधी वापरत हुतो. मला दिसतच नव्हतं. तेनं आकडे वाढवून लिवलं, म्हणून माल बरोबर आला. आता मला दिसाय लागलंय, मी पट्टी बदलली, आणि घोळ झाला. माझा हाय घोळ."

श्रेयांस पट्ट्यांकडं बघत राहिला.

"तीन वर्षं तुम्ही न बघता माप घेत हुता?"

"व्हय."

"आणि आण्णांना कुणी बोललं न्हाय."

भरमूनं दोन्ही पट्ट्या उचलून एकावर एक ठेवल्या.

"हे सॅम्पल तुम्हीच पुरं करा," श्रेयांस शेवटी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट. "पुढच्या पॅटर्नचं मग बघू. कोल्हापूरला नंबर लावून ठेवतो."

'बघू' म्हणजे काय ते भरमूला कळत होतं. त्यानं मान हलवली.

पाच दिवस हातात होते. श्रेयांस खाली गेल्यावर बुद्धप्रिय टेबलापल्याड बसला, नागोजीच्या जागेवर. त्याला ते माहीत नव्हतं. "मामा, मी ड्रॉइंगवरनं वाचतो. तुम्ही वाढीची पट्टी लावा. सरळ काम हाय."

"वहीतनं वाचा, साहेब," भरमू म्हणाला. "मी साधी पट्टी घेतो."

बुद्धप्रियनं मनात हिशेब केला. "येणार सारखंच."

"मग झालं तर."

भरमूनं वाढीच्या पट्टीचा लाल दोरा सोडला आणि परत साध्या पट्टीला बांधला.

"च्यारशे च्यार," बुद्धप्रिय म्हणाला.

"च्यारशे च्यार."

"दोनशे दोन. एकशे साडेएक्कावन्न. नव्वद—"

"थांबा की, साहेब. 'घेतलं' म्हणू द्या."

"सॉरी, मामा." पण पुढच्या आकड्याला तो परत पळाला. वाचणारा चांगला होता पोरगा, फक्त त्याला थांबायची सवय नव्हती. अर्ध्या तासात मच्छे गावच्या एका कारखान्यातून फोन आला, तिथली भट्टी अडली होती, आणि तो हेल्मेट उचलून पळाला. भरमूनं वही आपल्याकडं वळवून घेतली. बाकीचे चार दिवस पुन्हा दोन्ही आवाज त्याचेच. रविवारी पोरीचा फोन वाजून वाजून बंद झाला.

चौदाव्या दिवशी चारी खुंट्या चारी कानांत उतरल्या, टक्क आवाज करून. बुद्धप्रियनं फळी दोनदा काढून दोनदा बसवली. खाली शिट्ट्या झाल्या. श्रेयांसनं सूर्य बुडायच्या आत डबा उघडला आणि सगळ्यांना पेढे वाटले. भरमूच्या हातावर दोन ठेवले. "नाव ऱ्हायलं, मेस्त्री," तो म्हणाला. पुढचं काही तो बोलला नाही, आणि भरमूनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन शहापूरला गेला. मालुबाई तशीच कांड्या भरत होती.

"वैनी," तो उभ्यानंच म्हणाला, "ती च्यार मिली माझी हुती."

"म्हाईत हाय."

"कवापास्नं?"

"त्याच दिवशी घरी येऊन म्हणाले. भरम्याचं डोळं गेल्यात, कुणाफुडं बोलू नगंस. मग रोज रातच्याला वही घेऊन बसायचे. मी म्हणायची, आकडं तेच, परत का लिवताय?"

"आणि मी तेला च्यारमिली म्हणायचो. सगळ्यांफुडं."

मालुबाईचा हात पहिल्यांदा थांबला. ती हसली, पदरानं नाक पुसलं. "घरी येऊन सांगायचे की. आज बी म्हणला बग, म्हणायचे. मला राग यायचा. तर म्हणायचे, म्हणू दे गं. ज्या दिवशी म्हणायचा थांबंल, त्या दिवशी तेला कळलं म्हणायचं."

ती चहा टाकायला उठली. भरमू नागोजीच्या खुर्चीत बसला. या वेळी कप पुरा संपवला. वही तिनं परत घेतली नाही. "तुमच्याकडंच असू द्या," म्हणाली. "मला काय वाचाय येतंय?"

मलाही धड येत नाही, हे सांगायला तो तोंड उघडणार होता. पण आकडे येत होते. त्याला तेवढे पुरेसे होते.

सोमवारी कोल्हापूरहून नंबर लागल्याची चिठ्ठी आली. भरमू माळ्यावर चढला, फडकं घेतलं आणि पहिल्या रॅकपासून सुरुवात केली. खालून भट्टीचा घोंघाट येत होता, माणसं एकमेकांना हाका मारत होती. त्यानं टेबलावरचा भुसा झाडला, पल्याडची खुर्ची पुसली, आणि सवयीनं ते नाव त्याच्या ओठांवर आलं.

त्यानं ते उच्चारलं नाही. पुढचा पॅटर्न उचलला.